मर्जी आणि नियम

मालक-कामगार संबंध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संप आणि टाळेबंदी उभी राहते. परंतु संप हा काही रोज होत नाही. रोज गाठ पडते ती वरच्या साहेबाशी. त्या रोजच्या संबंधाचाच येथे विचार करावयाचा आहे.

मुंबईच्या जुन्या गिरण्यांत कामगाराला मालक क्वचितच दिसे. दिसे तो जॉबर. कामावर घेणे, काढून टाकणे, रजा देणे, सारे त्याच्या हाती. त्याची मर्जी राखण्यासाठी कामगार दस्तुरी मोजीत. जॉबर दुष्टच असे असे नव्हे. तोही कामगारांतूनच वर आलेला, पुष्कळदा गाववाला, अडीनडीला कर्ज देणारा. दोष माणसाचा नव्हता, नियम नसलेल्या सत्तेचा होता. म्हणूनच १९३१ साली रॉयल कमिशनने नेमणुकीचा व बडतर्फीचा अधिकार जॉबरकडे ठेवू नये, अशी शिफारस केली.

पुढे १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. पाळी, हजेरी, रजा, गैरवर्तन कशास म्हणावे, हे सारे लेखी झाले आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत दारापाशी फलकावर लागले. फलक साधा, पण त्याने साहेबालाही बांधून घेतले.

हा कायदा १०० कामगारांच्या कारखान्यांना लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आणि ही मर्यादा ३०० वर गेली. त्याच संहितेत, २० वा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती सांगितली आहे. तीत दोन्ही बाजूंचे सभासद समसमान. म्हणजे लहान कारखान्यात तक्रारीला दार आहे, पण ज्या नियमावर बोट ठेवावयाचे तो लेखी असेलच असे नाही.

कोणी म्हणेल, कामगाराने ‘का?’ विचारले की शिस्त मोडते. माझा अनुभव उलट आहे. शिक्षेचे कारण कळले, आपले म्हणणे ऐकले गेले, तर कडक शिक्षाही माणूस सोसतो; अकारण बोललेला एक शब्द मात्र तो वर्षानुवर्षे विसरत नाही.

आज हुकूम मोबाइलवर येतो, हजेरी यंत्र घेते. साधने बदलली, प्रश्न तोच आहे: नियम लेखी आहे काय? बाजू मांडता येते काय? आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच न्यायाधीश तर नाही ना? या प्रश्नांची उत्तरे मिळतात तेथे साहेब आणि कामगार सहकारी होतात. मिळत नाहीत तेथे जॉबर नाव बदलून बसलेला असतो.