फोर्टात प्री-वेडिंग शूट: एक सकाळ, तीन जागा आणि दोघांनी मिळून ठरवलेला आकडा

हेडफोन घरी राहिले असतील तर हरकत नाही, आजचा एपिसोड वाचूनही पुरता कळेल. लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचत असाल तर उत्तमच, कारण आजची गोष्ट लोकलपासूनच सुरू होते.

गेल्या महिन्यात डोंबिवलीच्या एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला. तिचं लग्न ठरलंय, साखरपुडा फेब्रुवारीत आहे. स्थळ बघून ठरलेलं लग्न, दोघं एकटे असे जेमतेम तीनदा भेटलेत. त्याच्या मित्रांनी एक पॅकेज सुचवलंय: लोणावळ्याचं रिसॉर्ट, चार ड्रेस, ड्रोन, सिनेमॅटिक व्हिडिओ, साठ हजार. तिच्या बाबांनी हॉलचा अॅडव्हान्स आत्ताच भरलाय. तिला फोटो हवेत, पण हे पैसे मागायचे कुणाकडे? आणि खरी अडचण तिने मेसेजच्या अगदी शेवटी, हळूच सांगितली. ज्याचा हात अजून धड धरलेला नाही, त्याच्या गळ्यात हात टाकून कॅमेऱ्यासमोर हसायचं कसं?

हा प्रश्न मला फार खरा वाटला. म्हणून आज आपण एक शूट पहिल्यापासून आखूया. जागा मुंबईचा फोर्ट, दिवस डिसेंबरमधला रविवार.

आधी माझी फजिती

आमच्या शूटला मी आणि नवरा मार्चमध्ये सकाळी अकराला फोर्टात उतरलो. यादीत सहा जागा, ट्रॉली बॅगेत तीन ड्रेस. ऊन डोक्यावर, त्यामुळे प्रत्येक फोटोत डोळ्यांखाली काळ्या सावल्या. कपडे बदलायला जागा मिळेना. चौथ्या जागी जायला टॅक्सी शोधताना आमचं असं भांडण झालं की फोटोग्राफर बिचारा दुसरीकडे बघत उभा राहिला. त्या दिवसाचा एकच फोटो आज आमच्या घरात भिंतीवर आहे: उसाच्या रसाच्या गाडीपाशी दोघं दमून उभे, मिशीला फेस, आणि मी त्याला हसतेय. तो कुठल्याच यादीत नव्हता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. शहरातलं शूट म्हणजे दोघांनी मिळून मारलेला फेरफटका, आणि फोटोग्राफर सोबत चालणारा. प्लॅनिंग करायचं ते या फेरफटक्याचं.

पहिली मीटिंग फोटोग्राफरशी नाही, एकमेकांशी

चहाला भेटा आणि तीन गोष्टी ठरवा.

एक, आकडा. घरच्यांना न विचारता दोघं मिळून किती देऊ शकतो? जो आकडा येईल त्यात शूट बसवायचं. उधार किंवा ईएमआय काढून नाही. लग्नाच्या संसारातला हा तुमचा पैशांचा पहिला एकत्र निर्णय आहे. तो नीट जमला तर निम्मं काम झालं.

दोन, मर्यादा. हात धरणं चालेल, कपाळाला कपाळ नको, उचलून घेणं तर अजिबात नको, जे असेल ते स्पष्ट बोला. दोघांपैकी ज्याची मर्यादा अलीकडची, ती दोघांची मर्यादा. आणि हे फोटोग्राफरला आदल्या दिवशीच सांगा, म्हणजे रस्त्यावर अवघडायला होत नाही.

तीन, फोटो कुठे जाणार? साखरपुड्याच्या स्क्रीनवर, इन्स्टावर, की फक्त घरच्यांना? फोटोग्राफर ते स्वतःच्या पेजवर टाकणार असेल तर दोघांचाही होकार हवा.

मग फोटोग्राफरशी बोलणं. व्हॉट्सअॅपवर का होईना, पण लेखी घ्या: किती तास, एडिट केलेले फोटो किती, बाकीचे मिळणार का, किती दिवसांत मिळणार, अॅडव्हान्स किती आणि तारीख बदलली तर त्याचं काय. ओळखीतला माणूस असला तरी लिहून घ्याच. ओळखीत तर जास्तच!

ऊन कुठून येतं, ते बघा

डिसेंबरच्या मध्याला मुंबईत सूर्य साधारण सातला उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. मऊ, तिरपं ऊन मिळतं ते उगवल्यानंतरचा आणि मावळायच्या आधीचा तास-दीड तास. रविवारी सकाळी फोर्टातली ऑफिसं बंद असतात, रस्ते मोकळे असतात. म्हणून सात ते सव्वानऊ ही आपली वेळ.

आता इमारतींची तोंडं बघा. एशियाटिक लायब्ररीचा टाऊन हॉल पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागे, त्यामुळे पायऱ्यांवर सावली आणि चेहऱ्यावर एकसारखा उजेड. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग आहे, तिच्यावर सकाळचं ऊन थेट पडतं. पूर्वेला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, ते संध्याकाळी उजळतात. मरीन ड्राइव्हला समुद्र पश्चिमेला, म्हणजे तिथली मजा सूर्यास्ताची. एवढं कळलं की सहा जागांची यादी आपोआप तीनवर येते.

आपला रूट

पहाटेची लोकल पकडून पावणेसातपर्यंत सीएसएमटी. पी. डि'मेलो रोडच्या बाजूने बाहेर पडा, दहा-पंधरा मिनिटं चालत बॅलार्ड इस्टेट. पहिल्या महायुद्धाच्या काळात पोर्ट ट्रस्टने वसवलेला हा भाग. आराखडा जॉर्ज विटेटचा, ज्याने गेटवे ऑफ इंडियाही आखला. इमारती जवळपास एका उंचीच्या, रस्ते शांत, झाडं भरपूर. इथे पहिली वीस मिनिटं फोटो काढूच नका. फोटोग्राफरला पन्नास पावलं मागे ठेवा आणि गप्पा मारत चाला. अवघडलेपण चालता चालता जातं, उभं राहून जात नाही.

दुसरी जागा हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिकच्या पायऱ्या. टाऊन हॉल १८३३ चा आहे, पायऱ्या तीस. दोघं वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसा. उंचीतला फरक झाकला जातो आणि चिकटून बसावंही लागत नाही. आणि हो, इथे तुमच्यासारखी आणखी चार जोडपी असतील. आपला नंबर येईपर्यंत थांबा, दहा मिनिटांत आटपा, पुढच्यांना जागा द्या.

तिथून वीर नरिमन रोडने सरळ पश्चिमेला. वाटेत हुतात्मा चौक लागेल. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथेच संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या लोकांवर गोळीबार झाला होता. स्मारकावर टेकून पोज देऊ नका. दोन मिनिटं थांबा, हात जोडा, पुढे चला.

तिसरी जागा ओव्हलची कड. मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. रविवारी मैदानात क्रिकेटचे डाव रंगलेले असतात, म्हणून मध्ये घुसू नका, चेंडू कुठून येईल सांगता येत नाही. फुटपाथवरून मागे वक्राकार बाल्कन्या येतील असं उभं राहा. त्या इमारतींत लोक राहतात, तेव्हा गेटच्या आत जायचं नाही.

सव्वानऊला पॅकअप. चहा, बन मस्का, आणि तोही फोटो काढा! मेन लाइनचा मेगाब्लॉक रविवारी बहुधा अकराच्या आसपास सुरू होतो, त्याआधी परतीची गाडी धरा.

कपडे, परवानग्या आणि माणसं

फोर्टातला दगड पिवळसर, मातकट नाहीतर काळपट. बेज आणि क्रीम त्यात विरून जातात. मोरपिशी, राणी, गडद हिरवा, जांभळा उठून दिसतो. एकच मुख्य पोशाख घ्या आणि वरचं बदला: ओढणी, जॅकेट, स्टोल. ट्रॉली बॅग नको, पाठीवरची सॅक पुरे. चप्पल चालायची, हिल्स सॅकमध्ये.

परवानगीचं सांगायचं तर हातात धरलेल्या एका कॅमेऱ्याकडे रस्त्यावर सहसा कुणी बघत नाही. ट्रायपॉड, मोठे लाइट आणि पाच माणसं दिसली की विचारणा होते. स्टेशनच्या आत असं शूट करायचं तर रेल्वेची परवानगी लागते. रिझर्व्ह बँक आणि नौदलाची गोदी याच परिसरात आहे, तिकडे कॅमेरा वळवू नका. ड्रोन तर विसराच, दक्षिण मुंबईत ते अंगाशी येतं. कुणी हटकलं तर वाद न घालता पुढची जागा गाठा. जानेवारीत जात असाल तर मॅरेथॉनचा रविवार टाळा, आणि जानेवारीच्या शेवटी सुरू होणारा काळा घोडा फेस्टिव्हलही. गर्दीत फोटो होत नाहीत.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. सकाळी सातला फोर्टातल्या फुटपाथवर कुणी झोपलेलं असतं, कुणी गाडा लावत असतं. ती माणसं आपल्या फोटोची सजावट नाहीत. चहावाल्याच्या टपरीवर फोटो हवा असेल तर आधी विचारा, चहा घ्या, आणि त्याच्या धंद्याच्या वेळेत त्याची जागा अडवू नका.

फोटोग्राफरच परवडत नसेल तर?

तर एक मैत्रीण आणि एक बरा फोन. लेन्स रुमालाने पुसा. ग्रिड ऑन करा. फोन उभा-सरळ धरा, वर कलवला की इमारती मागे पडल्यासारख्या दिसतात. वाइड लेन्स टाळा, दोन एक्सवर ठेवून चार पावलं मागे जा. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेड किंचित कमी करा. आणि सगळ्यात मोठी युक्ती: मैत्रिणीने 'स्माइल' म्हणायचं नाही. तिने प्रश्न विचारायचे. पहिल्या भेटीत कोण उशिरा आलं? घरी पहिल्यांदा काय खोटं सांगितलं? उत्तर देताना दोघं एकमेकांकडे बघतात, तेव्हाच क्लिक.

डोंबिवलीच्या ताई, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच: गळ्यात हात टाकू नकोस. दोन तास त्याच्यासोबत चाल. तिसऱ्या जागेपर्यंत रस्ता ओलांडताना हात आपोआप धरला गेला तर तो फोटो येईलच. नाही धरला गेला, तरी शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन माणसांचा फोटोही साखरपुड्याच्या स्क्रीनवर छान दिसतो. आणि बाबांकडे काही मागावं लागत नाही.

तर मंडळी, तुमचं शूट कुठल्या शहरात, कुठल्या गल्लीत झालं आणि काय फजिती झाली, व्हॉइस मेसेज करून नक्की सांगा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, लेन्स पुसत राहा!