चंद्रावरचा पोशाख

चंद्रावर हवा नाही. उन्हात तिथली जमीन सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, सावलीत तिचे तापमान शून्याच्या कितीतरी खाली जाते आणि सूक्ष्म उल्काकण कुठेही न अडता येऊन आदळतात. १९६९ ते १९७२ या काळात अपोलो मोहिमांतून चंद्रावर उतरलेल्या १२ अमेरिकी अंतराळवीरांचे पोशाख डेलावेअर राज्यातील डोव्हर येथे आयएलसी कंपनीत शिवले गेले. प्लेटेक्स या ब्रँडची अंतर्वस्त्रे शिवणाऱ्या काही कारागीर स्त्रियाच या कामावर होत्या. टाका एक मिलिमीटरही हलून चालत नसे. एखादी टाचणी आत राहिली नाही ना, हे क्ष-किरणांनी तपासले जाई.

अंगालगतच्या कपड्यात बारीक नळ्या विणलेल्या असत. त्यांतून फिरणारे थंड पाणी शरीराची उष्णता पाठीवरच्या संचाकडे नेई. तिथे सच्छिद्र धातूच्या पट्टीतून झिरपणारे पाणी निर्वातात गोठे, त्या बर्फाची थेट वाफ होई आणि तिच्याबरोबर उष्णता बाहेर जाई. श्वासातला कार्बन डायऑक्साइड लिथियम हायड्रॉक्साइड शोषून घेई.

नळ्यांच्या कपड्यावर रबराचा लेप दिलेला हवाबंद थर. निर्वातात शरीरातले पाणी शरीराच्याच तापमानाला उकळू लागते, म्हणून आत दाब हवाच. तो वातावरणाच्या सुमारे एक चतुर्थांश ठेवत. आत शुद्ध ऑक्सिजन असल्यामुळे श्वासाला तेवढा पुरे. दाब वाढवला की पोशाख फुगून ताठ होतो आणि हात वाकवणे अवघड जाते. कोपर, गुडघा, खांदा यांच्या जागी चुण्या असलेले रबरी सांधे होते, ते याचसाठी.

त्याच्या बाहेर ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असत. त्यांच्यामध्ये विरळ कापड घातल्याने ते एकमेकांना चिकटत नसत. निर्वातात उष्णता किरणांनीच येते आणि हे पापुद्रे ती परतवतात. उल्काकणांचा वेगही या थरांत विरून जाई. सर्वांत वरचे कापड टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंचे होते. जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ च्या आगीत तिघांचा मृत्यू झाल्यावर न पेटणाऱ्या कापडाचा आग्रह धरला गेला. हेल्मेटवरच्या काचेला सोन्याचा पातळ थर होता. तो प्रखर ऊन आणि उष्णता अडवी. हातमोजे व बूट यांच्या बाह्य भागात धातूच्या धाग्यांचे कापड वापरले होते, तर बोटांची टोके स्पर्श कळावा म्हणून सिलिकॉन रबराची होती.

या पोशाखाचा खरा कस लागला धुळीपुढे. वारा-पाणी नसल्याने चांद्रधुळीच्या कणांच्या कडा झिजत नाहीत. त्या धारदारच राहतात. अपोलो १२ मध्ये एका पोशाखाची गळती वाढली. अपोलो १७ मध्ये तीन फेऱ्यांत मिळून सुमारे २२ तास बाहेर काम झाले, तेव्हा हातमोज्यांचे वरचे आवरण घासले गेले.

चंद्रावर एकही पोशाख निकामी झाला नाही. मात्र या मोहिमांचा मुक्काम जास्तीत जास्त सुमारे तीन दिवसांचा होता. पुढच्या मोहिमांना याहून अधिक काळ राहायचे असेल, तर पोशाखाच्या सांध्यांत आणि जोडकड्यांत धूळ शिरू न देणे हेच पहिले काम ठरेल.