खाऱ्या पाण्यातले नवे पाहुणे

तुमच्या घरात एखादी वस्तू ‘एवढीच एक’ म्हणून येते आणि मग तिच्यामागोमाग तिचे सगळे गणगोत येते, असा अनुभव तुम्हांलाही आला असेलच! साकीनाक्याच्या आमच्या दोन खोल्यांत अशीच एक काचेची टाकी आली. गोड्या पाण्याची नव्हे, खाऱ्या पाण्याची. दगड, वाळू, दोन विदूषक मासे, एक गोबी आणि एक कोळंबी. “बस्स, एवढंच,” असे आमचे ‘हे’ म्हणाले होते.

सात महिने सगळे सुरळीत चालले. मग दिवाळीत ह्यांना बोनस मिळाला आणि बापलेकांचे बेत सुरू झाले. नवा दिवा, नवा स्किमर आणि चार नवे मासे, तेही एकाच रविवारी! मीही उत्साहाच्या भरात माझ्या शाळेच्या मानधनातली रक्कम काढून दिली. दुकानदाराने पिशव्या बांधून दिल्या, आम्ही घरी येऊन त्या टाकीत रिकाम्या केल्या.

नवव्या दिवशी एका नव्या माशाच्या अंगावर साखरेचे दाणे चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसले. पंधरा दिवसांत सातांतला एकच मासा उरला. पैसे गेले त्याचे वाईट वाटलेच, पण सातवीतला आमचा मुलगा टाकीसमोर बसून म्हणाला, “आई, आपणच त्यांना मारलं का गं?” खरे उत्तर ‘हो’ असेच होते. ते मी त्याला दिले आणि दुसऱ्या दिवशी मीच या विषयाची एक वही घातली. त्या वहीतले थोडे तुम्हांला सांगते. तुमच्या घरी अशी टाकी असेल, किंवा कुणी आणायचे म्हणत असेल, तर उपयोगी पडेल.

आमटी आटली की खारट होते

खाऱ्या पाण्याच्या टाकीचे पहिले गणित आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. आमटी आटली की खारट होते, कारण पाणी उडते, मीठ मागे राहते. टाकीचेही तसेच. म्हणून रोजची तूट भरताना खारे पाणी घालायचे नाही, आर.ओ.चे साधे पाणीच घालायचे. पाणी बदलताना मात्र खारे करून घालायचे. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार हे समुद्राचे प्रमाण. ते मोजायला रिफ्रॅक्टोमीटर मिळतो. जिभेवर किंवा अंदाजावर विसंबू नका. घरातले खडेमीठ यासाठी चालत नाही, मत्स्यालयासाठीचे तयार क्षारमिश्रणच लागते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, आणि जुहूच्या किनाऱ्यावरचे पाणी बादलीने आणावे इतके स्वच्छ नाही.

दुसरे गणित वजनाचे. आमची टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे १९० लिटर पाणी. दगड, वाळू आणि स्टँड धरून वजन २५० किलोंच्या पुढे जाते. चार मोठी माणसे एका कोपऱ्यात कायमची उभी राहिली असे समजा. ती गॅलरीत नव्हे, भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवावी. इमारत जुनी असेल तर जाणकाराला विचारूनच.

उपकरणे एकेक करून

आमची मोठी चूक म्हणजे सगळे एकदम बदलले. काही बिघडले तर कशाने बिघडले हेच कळेना! आता आमच्याकडे नियम आहे: एका वेळी एकच बदल, मग निदान दोन आठवडे वाट पाहायची.

स्किमर हे यंत्र बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढते. नवे असताना ते काही दिवस फेस उतू घालते, घाबरू नका. बसवण्याआधी व्हिनेगरच्या पाण्याने धुवा. साबण अजिबात नको. नवा प्रखर दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण लावू नका. थोड्या उजेडापासून सुरुवात करून काही आठवड्यांत वाढवत न्या. नाहीतर शेवाळ माजते आणि प्रवाळांसारखे नाजूक जीव पांढरे पडतात.

आपल्या मुंबईत खरा प्रश्न उष्णतेचा. या पाण्याला २५ ते २७ अंश मानवतात, आणि मे महिन्यात आपले पंखेसुद्धा गरम हवा फेकतात. पाण्यावर छोटा पंखा लावला तर तापमान दोनेक अंश उतरते, पण पाणी जास्त उडते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा जोर कमी पडतो. चिलर उत्तम, पण महाग. तो गरम हवा बाहेर टाकतो, म्हणून बंद कपाटात कोंडू नका.

आणि वीज! १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, ते आठवते ना? पंप थांबले की पाण्यातला प्राणवायू झपाट्याने कमी होतो. म्हणून चिलरच्याही आधी बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घ्या. प्लगच्या वायरींना खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगपर्यंत न जाता तिथेच ठिबकते. घरात ई.एल.सी.बी. बसवलेलेच हवे. खारे पाणी आणि वीज यांची गाठ वाईट.

एक खास आपल्या बायकांसाठी: टाकीजवळ झुरळांचा फवारा किंवा उदबत्ती नको. पंप खोलीतलीच हवा आत ओढतो.

पाहुण्याला आधी ओसरीवर

नव्या टाकीत पहिले चार ते सहा आठवडे मासे घालू नयेत. घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू दगडांवर रुजायला तेवढा वेळ लागतो. चालत्या टाकीतही एकदम चार पाहुणे आले, तर त्या जीवाणूंना तो भार झेपत नाही.

नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा. जुनी दोन फुटी काचपेटीही चालते. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तिथेच उघडकीला येतो. त्यावरचे तांब्याचे औषध मुख्य टाकीत कधीही घालू नये. कोळंबी आणि प्रवाळ त्याने मरतात. आमचा वाचलेला मासा आम्ही असाच वेगळा ठेवला, आणि मुख्य टाकीत अडीच महिने एकही मासा नव्हता. मासा मिळाला नाही की तो परजीवी मरतो. कोळंबीला मात्र काही झाले नाही.

घरी आणलेली पिशवी १५–२० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा, मग टाकीचे पाणी थेंबाथेंबाने पिशवीत सोडा. दुकानाचे पाणी टाकीत ओतू नका.

स्वस्तातले प्रवाळ

त्या रिकाम्या अडीच महिन्यांत एका विक्रेत्याने ह्यांना समुद्रातून काढलेले टणक प्रवाळ देऊ केले. स्वस्तात, पण बिलाशिवाय. ह्यांचा जीव मोहात पडला. मी वही पुढे केली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २००१ साली खडक बांधणारे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना वाघाच्याच यादीत घातले आहे. ते बाळगणे हाही गुन्हा, आणि त्याला तुरुंगवास आहे. शिवाय प्रवाळ काही फक्त दूरदेशी नाहीत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे, आणि आपल्या वरळी-हाजीअलीच्या खडकांवरचे प्रवाळ किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावे लागले. ज्यांच्यासाठी सरकारला परवानगी लागते, ते आपण बैठकीत शोभेला ठेवायचे?

ह्यांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “तू म्हणतेस ते बरोबर आहे.”

आता आमच्याकडे एकच नवा मासा आहे: पैदास केंद्रात जन्मलेला छोटा विदूषक. विदूषक मासे सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा तो मादी होतो. म्हणून वाचलेल्या आमच्या मोठीला आम्ही मुद्दाम लहान जोडीदार आणला. सहा आठवडे तो वेगळ्या टाकीत राहिला. रोज शाळेतून आल्यावर मुलगा त्याच्या अंगावर ठिपके शोधायचा आणि वहीत ‘काही नाही’ असे लिहायचा. बेचाळीस वेळा ‘काही नाही’ लिहून झाल्यावर त्यानेच त्याला मोठ्या टाकीत सोडले.

मोठीने त्याला दोन दिवस हुसकावले. आता दोघे एकाच दगडाआड झोपतात.