सैतानाशी झुंज : समज, गैरसमज आणि रोजची प्रार्थना

करकंब हे पंढरपूर–टेंभुर्णी रस्त्यावरचे मोठे गाव. इथल्या माणसाला नामस्मरण शिकवावे लागत नाही. तुळशीची माळ, एकादशी, हरिपाठ हे त्याच्या घरातलेच आहे. मनाशी अहोरात्र चालणारी लढाई हा विषयही त्याला नवा नाही. तुकोबांनी तो अभंगात मांडूनच ठेवला आहे. तरीही कॅथलिक ख्रिस्ती माणूस ‘आध्यात्मिक युद्ध’ किंवा ‘सैतानाशी झुंज’ असे म्हणाला, की याच वाचकाच्या डोळ्यांपुढे किंकाळ्या मारणारा ‘बाधा’ झालेला माणूस आणि क्रूस उगारलेला पाद्री उभा राहतो. काहींना वाटते, हे युद्ध इतर धर्मांच्या लोकांविरुद्ध असणार. दोन्ही समज चुकीचे आहेत. शिवाय काही गैरसमज वसईपासून अहिल्यानगर जिल्ह्यापर्यंतच्या मराठी कॅथलिक घरांतही मुरलेले आहेत. या गैरसमजांनी होणारे नुकसान मला जास्त वाटते, कारण त्यांच्यामुळे भाबडी माणसे प्रार्थना सोडतात किंवा भोंदूच्या दारी जातात.

युद्ध कोणाशी, हे आधी पाहू. या कल्पनेचा मूळ आधार बायबलमधल्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय. त्यात युद्धाची सामग्री सांगितली आहे : सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, शांतीच्या सुवार्तेची पादत्राणे, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण आणि देवाचे वचन ही तलवार. ही यादी नीट पाहावी. वार करणारे शस्त्र एकच आहे आणि तेही वचनाचे. शिवाय आपले झगडणे रक्तामांसाच्या माणसांशी नाही, हे तिथे यादीच्या आधीच बजावले आहे. म्हणजे शेजारी, भाऊबंद, दुसऱ्या धर्माचा माणूस यांपैकी कोणीही या युद्धात शत्रू असूच शकत नाही.

याचे जवळचे उदाहरण पाहा. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत. तो फ्रान्सिस्कन बंधू होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकीत त्याच्यासह २६ जणांना क्रूसावर मारण्यात आले. त्यांच्यातल्या पॉल मिकीने मारणाऱ्यांना क्षमा केल्याचे क्रूसावरूनच सांगितले. चर्चने १८६२ मध्ये या सर्वांना संत म्हणून गौरवले, ते त्यांनी कोणाला हरवले म्हणून नाही.

पण इतिहासात क्रूसाच्या नावाने तलवारी उपसल्या गेल्या, पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात धर्मन्यायालयाने माणसे छळली, हेही खरे आहे. हे लपवून या विषयावर लिहिणे मला प्रामाणिक वाटत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी चर्चच्या मुलांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या हिंसेबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्याआधी १९६५ मध्येच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दोन गोष्टी स्पष्ट केल्या होत्या : इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, आणि श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करता येत नाही. आज कोणी ‘आध्यात्मिक युद्धा’च्या नावाने दुसऱ्याच्या देवळावर किंवा दैवतावर तोंडसुख घेत असेल, तर तो चर्चची शिकवण सांगत नाही.

मग शत्रू कोण? जुन्या परंपरेत तीन नावे येतात : जग, देह आणि सैतान. जग म्हणजे लोभाचा आणि दिखाव्याचा रेटा, देह म्हणजे आपल्याच अनावर वासना. सैतान आहे, असे चर्च ठामपणे मानते. पण तो देवाच्या तोडीचा, काळ्या बाजूचा दुसरा देव आहे ही समजूत चर्चला मान्य नाही. तो देवानेच निर्माण केलेला आणि बंड करून पतन पावलेला देवदूत आहे, त्याच्या शक्तीला मर्यादा आहे. मोह घालणे त्याच्या हाती आहे. पाप करायचे की नाही, हे माणसाच्या हाती राहते. म्हणून दारू प्यायलो ते सैतानामुळे, बायकोवर हात उचलला तोही सैतानामुळे, ही पळवाट पापनिवेदनाच्या वेळी चालत नाही.

आता प्रार्थनेकडे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथात प्रार्थनेवरचा एक पूर्ण विभागच ‘प्रार्थनेची लढाई’ या विषयाला दिला आहे. लढाई स्वतःशी आणि प्रार्थनेपासून दूर ओढणाऱ्या सैतानाशी, असे तो सांगतो. इथे सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज असा की प्रार्थनेत मन रमले, डोळे पाणावले तर आपण जिंकलो आणि मन भटकले, कोरडे वाटले तर हरलो. जपमाळेचे पाच दशक म्हणताना मोटारीचे बिल, मुलाची फी, उसाची तोडणी डोक्यात आली की अनेक जण खट्टू होतात. काही दिवसांनी माळ खुंटीला लागते ती कायमची.

धर्मशिक्षण-ग्रंथाचा सल्ला उलटा आहे. भटकणाऱ्या विचारांची शिकार करत बसू नका; तसे करणे म्हणजे त्यांच्याच सापळ्यात सापडणे. लक्षात आले की शांतपणे परत या. मन कुठे पळते यावरून आपण कशात अडकलो आहोत हेही कळते. कोलकात्याच्या मदर तेरेसांना अनेक दशके प्रार्थनेत देवाची जाणीव जवळजवळ झाली नाही. हे जगाला त्यांच्या मृत्यूनंतर, २००७ मध्ये त्यांची पत्रे प्रसिद्ध झाल्यावर कळले. तरीही त्यांनी प्रार्थना सोडली नाही. २०१६ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

या लढाईचे बारकावे सर्वांत नेमके मांडले ते इग्नेशियस लोयोलाने. तो मुळात सैनिक. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि आजारपणात आयुष्य बदलले. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला पोपची मान्यता १५४८ मध्ये मिळाली. त्याच्या येशूसंघाचे धर्मगुरू आजही पुण्यात आणि अहिल्यानगर जिल्ह्यात काम करतात. मन उदास, कोरडे असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये, असे तो सांगतो. अशा वेळी प्रार्थना आखडती न घेता ठरल्यापेक्षा थोडी जास्तच करावी, हेही सांगतो. आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते : मोहाला गुप्तता हवी असते. तो जाणत्या माणसापुढे, पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांपुढे उघड केला की त्याचे बळ ओसरते. जुगाराच्या, दारूच्या किंवा मोबाइलवरच्या घाणीच्या नादी लागलेल्या तरुणांनी हे वाक्य गाठीशी बांधावे.

यासाठी मठात जावे लागते, तासन्‌तास गुडघ्यांवर बसावे लागते, हाही समज खोटा. सकाळी उठल्यावर क्रूसाची खूण आणि आजचा दिवस देवाला अर्पण करणारे दोन शब्द. जमल्यास दुपारी देवदूताच्या निरोपाची छोटी प्रार्थना. संध्याकाळी घरातल्या सर्वांनी मिळून जपमाळ. रात्री निजण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे आत्मपरीक्षण : आज काय मिळाले त्याबद्दल आभार, नीट पाहण्यासाठी प्रकाशाची मागणी, मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांपुढे आणणे, जिथे चुकलो तिथे क्षमा मागणे आणि उद्यासाठी एकच नेमका निश्चय. ‘उद्या चांगले वागेन’ हा निश्चय नाही. ‘उद्या सासूबाईंना उलटून बोलणार नाही’ हा निश्चय आहे. शेतावर राबणाऱ्या माणसालाही हे झेपते.

काही जण मात्र शब्दांनाच मंत्रासारखी शक्ती आहे असे धरून चालतात. संत मिखाएल महादूताची प्रार्थना हे त्याचे उदाहरण. पोप लिओ तेरावे यांनी १८८६ मध्ये ती मिस्सा या उपासनेनंतर म्हणायला सांगितली, १९६० च्या दशकात ती सक्ती उठली. जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये ती पुन्हा म्हणण्याचे आवाहन केले. प्रार्थना सुंदर आहे, जरूर म्हणावी. पण नऊ वेळा म्हटली की संकट टळते, प्रार्थनेचा साखळी-संदेश पुढे पाठवला नाही तर अनिष्ट होते, पदक गळ्यात आहे म्हणून आता काही होत नाही, याला धर्मशिक्षण-ग्रंथ अंधश्रद्धाच म्हणतो. पवित्र पाणी, पदक, माळ ही श्रद्धेची साधने आहेत, ताईत नाहीत.

राहिला तो भूत उतरवण्याचा प्रश्न. सैतान-निष्कासनाचा विधी चर्चमध्ये आहे, पण तो अत्यंत विरळ आणि कडक बंधनातला. चर्चच्या कायद्याचे ११७२ वे कलम सांगते की धर्मप्रांताच्या अधिकाऱ्याने स्पष्ट परवानगी दिलेल्या धर्मगुरूलाच तो करता येतो, आणि असा धर्मगुरू विद्वान, विवेकी, शुद्ध आचरणाचा असावा लागतो. सप्टेंबर १९८५ मध्ये व्हॅटिकनने आणखी बजावले की प्रार्थनासभा घेणाऱ्या प्रापंचिकांनी हा विधी किंवा त्यातली सूत्रे वापरू नयेत, सैतानाशी संवाद करू नये, त्याचे नाव विचारू नये. विधीपूर्वी हा आजार तर नाही ना, याची खात्री करणे बंधनकारक आहे. आजार वैद्यकशास्त्राच्या कक्षेत येतो, हे धर्मशिक्षण-ग्रंथच सांगतो.

तेव्हा पैसे घेऊन, छडीने मारून, उपाशी ठेवून किंवा धुरी देऊन ‘बाधा’ काढणारा कोणी गळ्यात क्रूस घालून आला, तरी तो चर्चच्या वतीने आलेला नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणे, बांधून ठेवणे हा त्याखाली गुन्हा आहे, मारणारा कोणत्याही धर्माचा असो. घरात कोणाला कानात आवाज येत असतील, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे न्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.