कॉम ऑटोमेशन

कॉम ऑटोमेशन ही विंडोज प्रणालीतील अशी सोय आहे की, जिच्या साहाय्याने चार ओळींची आज्ञावली (स्क्रिप्ट) एक्सेल किंवा वर्डसारखे संपूर्ण सॉफ्टवेअर सुरू करून त्याच्याकडून काम करवून घेऊ शकते. 'कॉम' हे मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये आणलेले घटक-वस्तूंचे तंत्र होय. या सोयीस पूर्वी ओएलई ऑटोमेशन म्हणत.

कार्यपद्धती

जालना जिल्ह्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, अंबड आणि घनसावंगी असे आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याच्या पटसंख्येची एक्सेल फाइल वेगळी असून त्यांचा जिल्ह्यासाठी एकच तक्ता करावयाचा आहे, असे समजू. हाताने हे काम करताना एखादी ओळ हमखास सुटते. आज्ञावलीत मात्र प्रथम क्रिएटऑब्जेक्ट("एक्सेल.ॲप्लिकेशन") ही आज्ञा येते (प्रत्यक्षात ती रोमन लिपीत लिहितात). विंडोज हे नाव आपल्या रजिस्ट्रीत शोधते. तेथे त्या नावापुढे १२८ बिटांचा ओळख-क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून एक्सेलचा पत्ता मिळतो. एक्सेल पडद्याआड सुरू होते व त्याची प्रतिनिधी-वस्तू आज्ञावलीच्या हाती येते. पुढे फाइल उघडणे, रकान्यातील आकडा वाचणे, बेरीज लिहिणे या साऱ्या विनंत्या नावानिशी केल्या जातात. 'आयडिस्पॅच' नावाचा दुवा त्या नावांचा अर्थ काम चालू असतानाच लावतो. त्यामुळे आज्ञावलीस एक्सेलची अंतर्गत रचना ठाऊक असावी लागत नाही. एक्सेल त्या संगणकावर स्थापित असणे मात्र अनिवार्य आहे.

शेवटी 'क्विट' ही आज्ञा विसरल्यास अदृश्य एक्सेल स्मृतीत तसेच राहू शकते. 'बदल जतन करावयाचे काय?' असा प्रश्न पडद्याआड विचारला गेला, तर आज्ञावली उत्तराची वाट पाहत खोळंबते.

मराठी मजकूर

मराठी वापरकर्त्यास खरी अडचण लिपीची येते. व्हीबीस्क्रिप्टची फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केल्यास तिच्यातील देवनागरी अक्षरांचा कचरा होतो. ती यूटीएफ-१६ मध्येच जतन करावी लागते. याहून अवघड प्रश्न जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांतील फाइलींचा आहे. त्यांत पडद्यावर 'अंबड' दिसत असले, तरी आत निराळीच चिन्हे साठवलेली असतात. त्यामुळे आज्ञावलीला तो तालुका सापडत नाही आणि चुकीचा इशाराही मिळत नाही. बेरीज तेवढी कमी येते. अशा फाइली आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हाच सुरक्षित मार्ग होय.

सुरक्षितता व सद्यःस्थिती

मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' या संगणक-किड्याने याच मार्गाने आउटलुकला हाताशी धरून पत्ता-वहीतील सर्वांना स्वतःच्या प्रती धाडल्या. आज्ञावलीने मागितलेले काम वापरकर्त्याच्याच अधिकाराने होत असल्याने अनोळखी '.व्हीबीएस' फाइल उघडणे धोक्याचे असते. सर्व्हरवर विनादेखरेख ऑफिस चालविण्याची शिफारसही मायक्रोसॉफ्ट करत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीबीस्क्रिप्ट क्रमाक्रमाने काढून टाकण्याचे जाहीर केले. कॉम तंत्र मात्र कायम असून पॉवरशेल किंवा पायथॉनमधूनही एक्सेलची हीच वस्तू निर्माण करता येते. त्यामुळे जुन्या आज्ञावल्यांचे भाषांतर तेवढे करावे लागते. त्यांतील एक्सेलच्या आज्ञांची नावे बदलत नाहीत.