श्रीमंत कोण, गरीब कोण? गावाची नजर आणि शहराची नजर

आज आपण अशा विषयावर बोलणार आहोत, ज्यावर आपल्या प्रत्येकीचं मत तयार असतं. श्रीमंत कोणाला म्हणायचं आणि गरीब कोणाला?

प्रश्न गप्पांचा वाटतो, पण तो गप्पांपुरता नाही. घरकुल कोणाला, स्वस्त धान्य कोणाला, गटाचं कर्ज आधी कोणाला, हे सगळं याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. उत्तर चुकलं, तर जिच्या घरात पावसाळ्यात तांदूळ नसतो तिचं नाव यादीत येत नाही. म्हणून आज आम्ही हा प्रश्न तुमच्यासोबत उलगडून बघणार आहोत.

एकमेकींकडे बघताना

आपल्या ठाणे जिल्ह्यात गाव आणि शहर एकमेकांच्या अंगणात आहेत. मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ साली आली, दुसऱ्याच वर्षी ती कल्याणला पोचली. तेव्हापासून माणसांची ये-जा थांबलेली नाही. मुरबाड, शहापूरकडच्या बाया शेवळं, कंटोली, पानं, फुलं घेऊन कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात बसतात. समोर वीस मजल्यांच्या इमारती दिसतात. मनात येतं, या बायकांना काय कमी आहे? नळाला पाणी, गॅस, लिफ्ट, महिन्याला पगार.

भाजी घेणारी बाई काय म्हणते? "तुमचं बरं आहे. स्वतःचं घर, स्वतःचं शेत, ताजी भाजी. गावात खर्च तो कसला?"

दोघी खोटं बोलत नाहीत. पण दोघींना समोरचीचं अर्धंच दिसतं.

डोंबिवलीच्या बाईचं न दिसणारं अर्धं बघू. समजा, त्या कुटुंबाने घरासाठी ३० लाखांचं कर्ज घेतलं, साडेआठ टक्के व्याजाने, २० वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता साधारण २६ हजार रुपये येतो. वीस वर्षांत बँकेला एकूण ६२ लाखांच्या वर जातात. म्हणजे घर ३० लाखांचं, पण फेड दुपटीहून जास्त. नवऱ्याची नोकरी सुटली तर तीन महिन्यांत घरात चिंता शिरते. शेजारीपाजारी सांगता येत नाही, कारण पांढरपेशा घरात उसनं मागणं म्हणजे अब्रू गेली असं वाटतं. ही बाई बाहेरून श्रीमंत दिसते. तिचं घर खरं तर अजून बँकेचं आहे.

आता गावच्या बाईचं न दिसणारं अर्धं. शेत आहे, पण भात एकदाच येतं, तेही पावसाच्या भरवशावर. दिवाळीनंतर हाताला काम नाही. मग कितीतरी कातकरी कुटुंबं मुलांबाळांसह वीटभट्टीवर जातात. त्याआधी पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. आजारपण, लग्न, आवणीच्या दिवसांतलं धान्य, यासाठी घेतलेली ती उचल पुढचे सहा-सात महिने त्या कुटुंबाला बांधून ठेवते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. तरी उचलीचा हिशोब कोणाच्या वहीत आणि कोणाच्या हातात, हे आजही विचारावं लागतं.

आणि पाण्याचं काय? शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. ही धरणं मुंबईची तहान भागवतात. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. धरण ज्यांच्या उशाला, त्यांच्याच डोक्यावर हंडा. पैशात मोजलं तर हे कुठेच दिसत नाही. हंडा वाहणारीला मात्र ते रोज दिसतं.

परदेशातला डॉलर

अशीच नजरचूक दूरच्या माणसांबद्दलही होते. डोंबिवली-ठाण्यात अशी बरीच घरं आहेत जिथली मुलं अमेरिकेत, आखातात किंवा युरोपात नोकरीला आहेत. समजा, एखाद्या मुलाला महिन्याला पाच हजार डॉलर मिळतात. आपण लगेच डॉलरच्या भावाने गुणतो आणि म्हणतो, चार लाखांच्या वर!

हा गुणाकार फसवा आहे. तो पगार तिथेच खर्च होतो, तिथल्या भावाने. घरभाडं, आजारपणाचा विमा, पाळणाघर, सगळं डॉलरमध्ये. अर्थशास्त्राचे अभ्यासक म्हणून वेगळा हिशोब करतात. अमेरिकेत एका डॉलरमध्ये जेवढी वस्तू येते, तेवढी आपल्याकडे साधारण वीस-पंचवीस रुपयांत येते. त्या हिशोबाने पाच हजार डॉलर म्हणजे इथले लाख-सव्वा लाख. चांगलाच पगार आहे, पण चार लाख नव्हे. सणाला फोन करून पैसे मागणाऱ्या नातेवाइकांना हे माहीत नसतं, आणि "आमचंही भागत नाही" म्हणायची त्या मुलाला लाज वाटते. दोन्हीकडे मनं दुखतात.

उलटंही होतं. परदेशातून आलेला पाहुणा आपल्या पाड्यावर मातीचं घर, शेणाने सारवलेली जमीन बघतो आणि म्हणतो, "किती गरीब!" पण कुडाचं, सारवलेलं घर उन्हाळ्यात पत्र्याच्या घरापेक्षा थंड असतं, हे त्याला माहीत नसतं. त्याला चूल दिसते, चुलीचा धूर रोज खाणारीचा खोकला दिसत नाही. जे डोळ्यांत भरतं, ते नेहमीच सगळ्यात महत्त्वाचं नसतं.

सरकार कसं मोजतं?

मग सरकार गरिबी मोजतं तरी कशी? पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावर गाजलेला अभ्यास मांडला. माणसाला जगायला पुरेसं अन्न मिळण्यासाठी किती खर्च येतो, तो त्यांनी काढला. १९६०-६१ च्या भावाने गावात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. ज्याला तेवढंही जमत नाही तो गरीब. आधी पोट, मग बाकीचं, असा तो हिशोब होता.

पुढे रेषा बदलत गेल्या. २०११-१२ साली महाराष्ट्रासाठी दारिद्र्यरेषा गावात माणशी महिना ९६७ रुपये आणि शहरात १,१२६ रुपये धरली गेली. म्हणजे गावात दिवसाला सुमारे ३२ रुपये. ज्या घरात माणशी ३३ रुपये खर्च होत होते, ते घर कागदावर गरीब राहिलं नाही. रेषेच्या वर एक पाऊल आणि खाली एक पाऊल, यात खऱ्या आयुष्यात काहीच फरक नसतो. कागदावर मात्र सगळाच फरक पडतो.

रेशनचंही तसंच. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली आला. महाराष्ट्रात स्वस्त धान्याच्या लाभासाठी कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा गावात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार ठेवली गेली. शहरातले ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. डोंबिवलीत चाळीतल्या खोलीचं भाडंच त्यातला मोठा घास घेतं.

तिसरी पद्धत वस्तू मोजण्याची. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणात ज्या घरात मोटरसायकल, फ्रिज किंवा लँडलाइन फोन होता, ते घर गरिबांच्या यादीतून आपोआप बाहेर पडत होतं. विचार करा. एसटी येत नाही अशा पाड्यावर पोरगा जुनी मोटरसायकल हप्त्याने घेतो, कारण तिच्याशिवाय एमआयडीसीतल्या कामावर पोचता येत नाही. ती गाडी श्रीमंतीची खूण की कामाचं हत्यार? ही अडचण सरकारच्याही लक्षात आली. २०२४ मध्ये घरकुलाच्या नव्या सर्वेक्षणासाठी मोटरसायकल, मासेमारीची होडी, फ्रिज आणि लँडलाइन या अटी काढल्या आणि महिन्याच्या कमाईची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार केली. तेव्हा "आमच्याकडे गाडी आहे, आम्हाला मिळणार नाही" असं समजून घरी बसू नका. नियम काय आहेत, ते ग्रामपंचायतीत विचारा.

लोकांना विचारलं तर?

एन. एस. जोधा नावाच्या अभ्यासकांनी राजस्थानातल्या दोन गावांत सुमारे वीस वर्षांच्या अंतराने माहिती घेतली आणि १९८८ साली ती मांडली. काही कुटुंबांचं माणशी उत्पन्न कमी झालं होतं. हिशोबाने ती आणखी गरीब झाली होती. पण जोधांनी त्यांनाच विचारलं, तुमच्या मते बरं जगणं म्हणजे काय? लोकांनी सांगितलेल्या ३८ खुणांपैकी ३७ खुणांमध्ये त्यांचं जगणं सुधारलेलं निघालं.

काय होत्या त्या खुणा? पायात चप्पल असणं. माणसांना आणि गुरांना एकाच खोलीत झोपावं न लागणं. आणि मोठ्या जमीनदारापुढे धान्यासाठी, उसन्यासाठी, कामासाठी हात पसरावा न लागणं. रुपये कमी होते, पण मान ताठ होती.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघरकडे, वारली माणसं जमीनदाराकडे वेठ करत. लग्नासाठी घेतलेल्या पैशांपायी नवराबायको आयुष्यभर राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत वारली उभे राहिले आणि वेठ मोडली. त्या साली कोणाच्या घरात सोनं आलं नाही. पण ज्याचा दिवस त्याच्या मालकीचा झाला, तो माणूस काल होता तेवढा गरीब राहिला नाही.

आम्ही गटांच्या बैठकीत हा प्रश्न विचारतो, तेव्हा बायाही पैसा शेवटी सांगतात. आधी सांगतात: आवणीच्या दिवसांत घरात तांदूळ असणं. उचल न घेता वर्ष निघणं. आजारपणात डोरलं गहाण न पडणं. मुलगी शाळेत टिकणं. नवरा न पिणं.

घर श्रीमंत, बाई गरीब

यातली शेवटची खूण फार महत्त्वाची आहे. सगळ्या याद्या कुटुंबाच्या असतात. कुटुंबाच्या आत कोणी डोकावत नाही.

समृद्धी महामार्ग आपल्या शहापूर, कल्याण, भिवंडी तालुक्यांतून गेला. रस्त्याला, प्रकल्पाला, बिल्डरला जमिनी गेल्या की घरात एकदम मोठी रक्कम येते. पक्कं घर होतं, गाडी येते. लोक म्हणतात, घर वर आलं. पण चेक कोणाच्या खात्यात गेला? बहिणींच्या सह्या हक्कसोडपत्रावर कशा झाल्या? जमीन दरवर्षी भात देत होती. पैसा एकदाच आला, तो संपला की पुढे काय?

मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, साऱ्या देशात तो २००५ साली आला. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज केला, तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागतं. तरी बंगल्यात राहणारी, गळ्यात सोनं घातलेली आणि दवाखान्याच्या शंभर रुपयांसाठी नवऱ्यापुढे उभी राहणारी बाई आपल्या प्रत्येक गावात आहे. तिला आपण श्रीमंत म्हणायचं की गरीब?

आपल्या गटात काय करता येईल?

पुढच्या बैठकीत एक काम करून बघा. जमिनीवर रांगोळीने आपल्या पाड्याचा नकाशा काढा, एकेक घर दाखवा. मग आपल्या गावात बरं जगणं म्हणजे काय, त्याच्या पाच-सहा खुणा सगळ्यांनी मिळून ठरवा. त्या खुणा लावून बघा, कोणतं घर कुठे बसतं. उमेद अभियानातही गरिबांची ओळख गावातल्या लोकांनीच एकत्र बसून करायची असते, ती याच कारणासाठी.

हे करताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, कोणाच्या घरची गोष्ट बैठकीबाहेर नेऊ नका. आपली गरिबी चारचौघांत मांडली गेली की बाई दुसऱ्या वेळी येत नाही. दुसरी, जी बैठकीला आलीच नाही तिचा विचार आधी करा. भट्टीवर गेलेलं कुटुंब, एकटी राहणारी विधवा, अपंग, अंथरुणाला खिळलेली म्हातारी. सर्वेक्षणाला माणूस येतो तेव्हा यांच्या दाराला कुलूप असतं किंवा बोलणारं कोणी नसतं. त्यांचं नाव तुम्ही घ्यायचं. तिसरी, जे ठरेल ते लिहून काढा. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तिथे हा कागद मांडा आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंद करून घ्या.

बाजारात भाजी घेणारी बाई म्हणाली, "तुमचं बरं आहे," तर रागावू नका. तिला विचारा, "ताई, तुमचं कसं चाललंय?" आणि आपलंही खरं सांगा. याद्या साहेब लोक करतात, पण कोणाच्या चुलीवर आज काय शिजलं, ते शेजारणीलाच माहीत असतं. ते माहीत असणाऱ्यांनी बोललं पाहिजे.

तुमच्या गटाने कोणत्या खुणा ठरवल्या, ते आम्हाला कळवा. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात आपण त्या वाचून दाखवू.