सनदी शाळेचा निकाल कसा वाचावा?

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत मूल पांच वर्षांचें होऊं लागलें, कीं पुण्या-मुंबईस असलेल्या आजी-आजोबांच्या कानांवर एक नवा शब्द येतो. तो म्हणजे 'चार्टर स्कूल'. मुलाचें नांव तेथें घालावें कीं नेमून दिलेल्या सरकारी शाळेंत, असा प्रश्न पडतो. आणि उत्तरासाठीं आईबाप त्या शाळेचें सरकारनें प्रसिद्ध केलेलें प्रगतिपत्रक पुढें घेऊन बसतात. समजा, त्यांत लिहिलेलें असतें : तिसरी इयत्ता, गणित, शेंकडा ६० उत्तीर्ण, गेल्या वर्षीं शेंकडा ६५. शाळा घसरली, असा निवाडा पांच मिनिटांत होतो.

चार्टर म्हणजे सनद. सनदी शाळांचा पहिला कायदा १९९१ सालीं मिनेसोटा राज्यानें केला व १९९२ सालीं तेथील सेंट पॉल शहरांत पहिली शाळा उघडली. अशी शाळा फी घेत नाहीं. ती सरकारी पैशावर चालते. मात्र शाळाखात्याच्या पुष्कळशा नियमांतून तिला मोकळीक असते, आणि त्या बदल्यांत ती ठराविक मुदतीच्या, बहुधा तीन ते पांच वर्षांच्या, कराराने बांधलेली असते. मुदतीअखेर मुलांची प्रगति समाधानकारक न दिसल्यास सनद पुन्हां न मिळण्याची व शाळा बंद होण्याची धास्ती असते. जागांपेक्षां अर्ज अधिक आले, तर साधारणतः सोडत काढून मुलें घ्यावीं लागतात.

तिसरी ते आठवी या प्रत्येक इयत्तेंत वाचन व गणित यांची वार्षिक परीक्षा २००२ सालच्या मध्यवर्ती कायद्यानें सक्तीची केली, आणि २०१५ सालीं त्याच्या जागीं आलेल्या कायद्यानेंहि ती कायम ठेविली. शेंकडा ९५ मुलांनीं परीक्षेस बसलें पाहिजे, असाहि दंडक आहे. परीक्षेच्या दिवशीं कच्चीं मुलें घरीं बसविण्याची युक्ति सर्व देशांतल्या मास्तरांना ठाऊक असते, हें कायदा करणारांनीं बरोबर ओळखलें होतें!

आतां आंकड्याकडे वळूं. लहान प्राथमिक शाळेंत इयत्तेची बहुधा एकच तुकडी असते. तींत वीस मुलें धरलीं, तर एक मूल म्हणजे शेंकडा पांच. परीक्षेच्या सकाळीं एकाला ताप आला, कीं ६५ चे ६० झाले. शिक्षक तेच, पुस्तकें तींच, शिकविण्याची पद्धतहि तीच असतांना दोन वर्षांच्या निकालांत दहा-पंधरा टक्क्यांचें अंतर पडणें हें वीस मुलांच्या वर्गांत स्वाभाविक होय. दोनशें मुलांच्या इयत्तेंत एवढें अंतर पडलें, तर मात्र कारण शोधलें पाहिजे. थॉमस केन व डग्लस स्टायगर या अर्थशास्त्रज्ञांनीं २००२ च्या सुमारास हेंच दाखवून दिलें : निकालाच्या यादींत सर्वांत वर लहान शाळा अधिक सांपडतात, आणि सर्वांत खालींहि त्याच.

दुसरी गोष्ट वर्गांत कोणतीं मुलें बसलीं आहेत ही. उदाहरणादाखल एक वर्ग कल्पूं. गेल्या वर्षीं घरीं इंग्रजी बोलणारीं १६ मुलें होतीं, त्यांतील १२ उत्तीर्ण झालीं. नुकतीच परदेशांतून आलेलीं, इंग्रजी शिकत असलेलीं ४ होतीं, त्यांतील १ उत्तीर्ण झालें. एकूण १३, म्हणजे शेंकडा ६५. यंदा पहिल्या गटांत १० पैकीं ८ व दुसऱ्या गटांत १० पैकीं ४ उत्तीर्ण झालीं. एकूण १२, शेंकडा ६०. पहिला गट ७५ वरून ८० वर गेला, दुसरा २५ वरून ४० वर. दोन्ही गट सुधारले, आणि शाळा मात्र घसरली! शिवाय इंग्रजी नीट येऊं लागलेलें मूल त्या दुसऱ्या गटांतून काढलें जातें. म्हणून तो गट शिकविणारानें कितीहि शिकविलें तरी कागदावर कच्चाच दिसतो.

हें ओळखूनच कायद्यानें वंश, दारिद्र्य, अपंगत्व व भाषा यांप्रमाणें निकाल वेगवेगळे छापावयास लाविले. परंतु मुलांची ओळख पटूं नये म्हणून गट फार लहान असल्यास, कित्येक राज्यांत दहाहून कमी असल्यास, आंकड्याच्या जागीं नुसती फुली असते. शाळा जितकी लहान, तितका मुलांच्या जडणघडणीचा निकालावर परिणाम मोठा, आणि तितकाच तो पत्रकांत दिसेनासा. दारिद्र्याचें मापहि सैल झालें आहे. सरकारी दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांच्या आंत उत्पन्न असल्यास जेवण फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीनें, यावरून गरीब मुलें मोजीत. २०१० च्या कायद्यानें गरीब वस्तींतील सबंध शाळेला फुकट जेवण देण्याची मुभा मिळाली. मुलांचें पोट भरलें हें उत्तमच झालें. पण जेवणावरून गरिबी ओळखणें तेथें संपलें.

मग पाहावें काय? निदान तीन वर्षांची सरासरी. वर्षभरांत किती मुलें शाळा सोडून गेलीं तें. आणि विशेषतः तेंच मूल तिसरींतून चौथींत जातांना किती पुढें गेलें तें. यांतहि अडचण आहे. पहिली परीक्षा तिसरीच्या अखेरीस होते. बालवर्गापासून तिसरीपर्यंत शाळेनें जें कष्ट घेतले, त्यांचें माप या पद्धतींत कोठेंच नाहीं.

सनदी शाळा एकंदरींत बऱ्या कीं वाईट, या वादांत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पाहण्या नेहमीं पुढें केल्या जातात. २००९ सालीं, १६ राज्यांच्या पाहणींत, गणितांत शेंकडा १७ शाळा सरस व ३७ निकृष्ट ठरल्या. २०२३ सालीं सनदी शाळांतील मुलें वाचनांत सुमारें १६ शालेय दिवसांच्या व गणितांत ६ दिवसांच्या अभ्यासाइतकीं पुढें आढळलीं. हें मोठ्या समुदायाचें सरासरी माप. एका वीस मुलांच्या वर्गाविषयीं तें कांहींच सांगत नाहीं.

आणि तरीहि सनदेचा विचार करणाऱ्या मंडळापुढें त्या वर्गाचाच आंकडा येतो. सनद नाकारली गेली, कीं सत्र संपल्यावर शाळेला कुलूप लागतें. मुलें आसपासच्या शाळांत वांटलीं जातात, आणि पुढच्या वर्षीं त्यांचे गुण तेथील शेंकडेवारींत मिळविले जातात.